आकडा बाबांचा, फोन मुलाचा

पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

सांगलीहून लिहिते आहे. नाव छापू नये ही विनंती. आमच्या ह्यांचं वय ६८, एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले. साखर सोळा वर्षांपासून, इन्सुलिन पाच वर्षांपासून. ते दुधासारखं दिसणारं ३०-७० वालं, सकाळी २२ आणि रात्री १६. शिवाय मेटफॉर्मिनची गोळी. मुलगा न्यू जर्सीला असतो. फेब्रुवारीत आला तेव्हा ह्यांच्या दंडाला नाण्याएवढा सेन्सर चिकटवून गेला आणि आणखी तीन डबे कपाटात ठेवून गेला. आकडा ह्यांच्या मोबाईलवर येतो आणि तिथून त्याच्याही.

तेव्हापासून घरात शांतता नाही. हे जेवून हात धुतात तोवर फोन येतो, "बाबा, १९० कसे झाले? काय खाल्लंत?" होळीला ह्यांनी पुरणपोळीचा तुकडा न्हाणीघरात जाऊन खाल्ला. म्हणतात, "जन्मभर मी लोकांची तिकिटं बघितली, आता माझंच चेकिंग." सकाळचं कृष्णेत पोहणंही बंद केलंय, डबा भिजेल म्हणून.

रात्री अडीचच्या सुमारास मोबाईल किंचाळतो. ५५, ५८. एकदा बोट टोचून बघितलं तर १०४ आली. आणखी एकदा असंच झालं, तेव्हाही बोटावर बरी होती. एका रात्री मात्र अंग घामाने चिंब, हात थरथरत होते, बोटावर ६१. साखरेचं पाणी दिलं, मोबाईलवरचा आकडा हलेना. परत दिलं. मग दोन बेसनाचे लाडू. सकाळी २९० आणि मुलाची बोलणी वेगळी.

डॉक्टर म्हणाले होते, तीन महिन्यांची सरासरी सात आहे, उत्तम आहे. मग हे यंत्र खोटं समजायचं का? इथे एक डबा पाच हजारांच्या आसपास सांगतात, पुढे चालू ठेवायचं का? जावई म्हणतात, दोन हजारांत घड्याळ मिळतं, टोचावं लागत नाही, ते घ्या.

ता. क. हे काढताना दुखतं का? ह्यांच्या दंडावर केस फार आहेत.

— एक वाचक

उत्तर

ताई, नमस्कार.

ता. क. शेवटी घेऊ. आधी अडीचचं बोलू. तुमच्या पत्रात सगळ्यात मोठी गोष्ट ती आहे आणि ती पुरणपोळीच्या तुकड्याखाली दबून गेली आहे.

घाम, थरथर आणि बोटावर ६१ ही खरी लो शुगर होती, यात शंका नको. अडीचचीच वेळ का, तेही सांगते. ३०-७० इन्सुलिनमध्ये दोन भाग असतात. तीस टक्के भाग लवकर काम करतो, तो रात्रीचं जेवण सांभाळतो. सत्तर टक्के भाग सावकाश चढतो, ते दुधाळपण त्याचंच. त्याचा जोर टोचल्यानंतर चार तासांनी वाढायला लागतो आणि पुढे बराच वेळ टिकतो. आठला टोचलं तर बारा ते चार ही त्याची ऐन कामाची वेळ. पोटात तेव्हा काहीच नसतं. त्यात साठीनंतर मूत्रपिंडांचं काम मंदावलं असेल तर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. पाच वर्षांपूर्वी योग्य असलेले १६ युनिट आज जास्त होत असतील.

मग सरासरी सात कशी? तुम्ही सांगली जिल्ह्यातल्या, तुम्हाला हे समजायला सोपं. जिल्ह्याच्या पावसाची सरासरी काढली तर कागदावर आकडा बरा दिसतो. शिराळ्यातली ओढ्या-नाल्यांची वाट लावणारी झड त्यात दिसत नाही आणि जतमधला टँकरही दिसत नाही. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरीची ती रक्ततपासणी, सात टक्के आली तर सरासरी साखर साधारण १५४. ती सकाळच्या २९० आणि रात्रीच्या ५८ मधूनही निघू शकते. तुमच्या डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्यापुढे जो कागद होता त्यावर तेवढंच लिहिलेलं होतं. तुमच्या ह्यांच्या दंडावरच्या नाण्याने तो कागद आता भरून दिलाय.

तेव्हा याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. डोस आपल्या मनाने कमी करू नका, पण "रात्रीचा डोस कमी करायचा का, की इन्सुलिनच बदलायचं?" हे स्पष्ट विचारा. अ‍ॅपमध्ये चौदा दिवसांचा एक पानी अहवाल निघतो, मुलाला सांगितलंत तर तो पाठवेल. त्यात चौदाही दिवस एकावर एक ठेवलेले असतात. मधे एक जाड रेघ, तिच्या आजूबाजूला पट्टा. तुम्ही फक्त एवढंच बघा की रात्री बारा ते पहाटे पाच या वेळात तो पट्टा ७० च्या खाली उतरतो का. उतरत असेल तर त्यावर पेनाने गोल करून न्या. जाताना तीन गोष्टी विचारायला विसरू नका. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम कळणारी रक्ततपासणी, शेवटची कधी केली होती? पोटावर एकाच जागी टोचून गाठ झाली आहे का? (चाचपून बघा. पाच वर्षं टोचणाऱ्यांमध्ये ती वरचेवर सापडते, आणि तिथून इन्सुलिन एक दिवस अडतं, दुसऱ्या दिवशी एकदम सुटतं.) आणि ब्लडप्रेशरची किंवा हृदयाची जी गोळी असेल तिच्या नावाच्या शेवटी "लोल" येतं का? त्या गोळ्यांनी लो शुगरमधली थरथर आणि धडधड झाकली जाऊ शकते. घाम मात्र येतो, त्यावर लक्ष ठेवा.

आता यंत्र खोटं का, ते बघू. ते खोटं नाही, पण ते रक्त मोजतच नाही. सेन्सरखाली केसाएवढा तंतू असतो, कातडीखाली साधारण पाच मिलिमीटर गेलेला. पेशींच्या मधल्या पाण्यात जी साखर उतरते ती तो मोजतो. तंतूवर एक एन्झाइम असतं, ग्लुकोज ऑक्सिडेज. त्याची साखरेशी गाठ पडली की अगदी बारीक वीज तयार होते, आणि त्या विजेवरून आकडा काढून तो बिनतारी मोबाईलला पाठवतात. एन्झाइमची ही युक्ती नवी नाही. लेलंड क्लार्क या अमेरिकी शास्त्रज्ञांनी ती १९६२ मध्ये मांडली, ती दंडावर चिकटण्याएवढी छोटी व्हायला पुढची काही दशकं गेली.

रक्तातली साखर या पाण्यात उतरायला वेळ लागतो. तुमच्याकडे पूर्वी पाणी तापवायचा तांब्याचा बंब असेल. लाकडं सारली म्हणून नळाला लगेच कढत पाणी येत नव्हतं. आणि जाळ विझल्यावरही ते एकदम गार होत नव्हतं. सेन्सरचा आकडा रक्ताच्या पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. साखर स्थिर असते तेव्हा हा फरक जाणवत नाही. ती भराभर चढत किंवा उतरत असते तेव्हा जाणवतो.

लाडवांची गोष्ट इथूनच झाली, ताई. तुम्ही पहिल्यांदा साखरेचं पाणी दिलंत तेव्हाच काम झालं होतं. रक्तात साखर पोचली होती, मोबाईलला ते कळायचं होतं. तुम्ही आकड्याकडे बघत राहिलात, पुन्हा पाजलंत, वर लाडू. तुमच्या जागी मी असते, समोर घामाने भिजलेला माणूस असता, तर मीही घाबरलेच असते. पण यापुढे असं करा. तीन चमचे साखर पाण्यात, एकदाच. मग घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबा आणि बोट टोचून बघा. मोबाईल उलटा करून ठेवा. बोटावर अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तीन चमचे. नीट झाली आणि जेवणाला वेळ असेल तर थोडं दूध-पोळी द्या. लाडू, पेढा, चॉकलेट यासाठी कामाचे नाहीत, त्यातलं तूप साखरेला अडवून धरतं. आणि माणूस गुंगीत असेल, गिळत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ १०८ ला फोन. चमचा, साखर आणि पाण्याचा तांब्या उशाशी झाकून ठेवा. अडीच वाजता स्वयंपाकघरात डबे शोधायला लागू नयेत.

बोट टोचण्याआधी हात धुवा. आता आंब्याचे दिवस आलेत. आंबा चिरलेल्या हाताने टोचलं तर मशीन तुमच्या हातचा आमरस मोजतं.

मग दोनदा मोबाईलवर ५८ आणि बोटावर बरी, ते काय? सेन्सर ज्या दंडाला आहे त्याच कुशीवर तुमचे हे झोपतात का, एवढं बघा. दंड अंगाखाली दबला की तिथलं पाणी बाजूला सरतं आणि सेन्सरला साखर कमी वाटते. आलेखात ते ओळखता येतं. रेघ विहिरीत घागर सोडावी तशी सरळ खाली जाते आणि कूस बदलली की काही न खाता तशीच वर येते. खरी लो बहुतेक वेळा घसरत घसरत येते. पुढचा सेन्सर ज्या कुशीवर ते कमी झोपतात त्या दंडाला लावा. नवा सेन्सर लावल्याचा पहिला दिवसही थोडा बेभरवशाचा असतो. एरवी दहा-पंधरा टक्क्यांच्या फरकावरून त्याच्याशी भांडू नका, बोटाच्या मशीनलाही नियमाने पंधरा टक्क्यांची मुभा असते. आकडा एक सांगतो आणि माणूस दुसरंच दिसतो, तेव्हा बोट टोचायचं. आणखी एक. कोविडपासून बऱ्याच घरांत चघळायच्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्या राहिल्या आहेत. रोज ५०० मिलिग्रॅमच्या वर घेतलं तर काही सेन्सर साखर खोटीच जास्त दाखवतात, काही सेन्सरना पॅरासिटामॉलच्या मोठ्या डोसने असं होतं. तुमच्या डब्यातल्या माहितीपत्रात ते लिहिलेलं असेल.

आता ते १९०. जेवणानंतर १९० ही तक्रारच नाही. सगळ्या जगातल्या तज्ज्ञांनी मिळून २०१९ मध्ये जी उद्दिष्टं ठरवली, त्यात साध्या प्रौढ रुग्णाने दिवसातला ७० टक्के वेळ, म्हणजे जवळजवळ सतरा तास, ७० ते १८० मध्ये राहावं असं आहे. उरलेला वेळ वर-खाली होणार, हे धरलेलंच आहे. वयस्क आणि लो शुगरचा धोका असलेल्या माणसाला तर त्यांनी निम्म्या वेळेवर सोडलंय. त्या बदल्यात एक अट मात्र कडक घातली. ७० च्या खालचा वेळ एक टक्क्याच्या आत, म्हणजे दिवसाला पाव तास. तुमच्या ह्यांचं गणित या दुसऱ्या बाजूला बसतं असं मला वाटतं. म्हणजे तुमच्या घरात सगळी भांडणं वरच्या आकड्यावरून होतायत आणि धोका खालच्या आकड्यात आहे.

आणि त्याहून वाईट एक गोष्ट. न्हाणीघरातल्या पोळीचा हिशोब कुणाच्याच वहीत नसतो. डॉक्टरांना आलेखात डोंगर दिसतो, कारण दिसत नाही, आणि ते आपलं इन्सुलिन दोन युनिट वाढवतात. त्या दोन युनिटांची वसुली रात्री अडीचला होते. पथ्य मोडणाऱ्या पेशंटचं मला फारसं भय वाटत नाही, चोरून मोडणाऱ्याचं वाटतं. पुढच्या सणाला पोळी ताटात वाढा. अर्धी, वर तूप, कटाची आमटी, आणि जेवल्यावर पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या. मग दोघं मिळून आलेख बघा. त्यांना स्वतःलाच कळेल की चहाबरोबरची चार बिस्किटं त्या अर्ध्या पोळीपेक्षा किती कमी-जास्त चढवतात. माझ्या बऱ्याच पेशंटना पहिल्या आठवड्यात धक्का बसतो तो गोडाने नाही, साबुदाण्याच्या खिचडीने.

पुढचा परिच्छेद मुलाला पाठवा. कापून, जसाच्या तसा.

बाळा, तुझ्या आईच्या वयाची आहे म्हणून तू म्हणते. बाबांच्या रात्रीचे अडीच म्हणजे उन्हाळ्यात तुझ्या संध्याकाळचे पाच. ऑफिसात बसून ती रेघ खाली जाताना बघायची आणि साडेबारा हजार किलोमीटरवरून काही करता येत नाही, हे सोपं नसतं. तू फोन करतोस तो भीतीने, हे मला कळतं, बाबांना चेकिंग वाटतं. तेव्हा असं कर. तुझ्या अ‍ॅपमधला जास्त साखरेचा अलार्म बंद कर. बाबांच्या मोबाईलवर तो १८० ला लावला असशील तर २५० वर ने. कमीचा अलार्म ठेव, तो दोन्हीकडे हवाच. तो वाजला आणि दहा मिनिटांत इकडून काही हालचाल दिसली नाही, तर आईला फोन कर, बाबांना नको. रेघ मधेच तुटली तर घाबरू नकोस, मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला राहिला असेल. ब्लूटूथ वीसेक फुटांपलीकडे टिकत नाही, भिंत मधे असली तर त्याहून कमी. तो त्यांच्या उशाशी ठेवायला सांग. आणि पुढचा डबा लावण्याआधी बाबांना विचार, तुला आकडा दिसलेला त्यांना चालेल का. नाही म्हणाले तर आठवड्याचा अहवाल माग, त्यावर समाधान मान. बाबांनी रातराणीवर ड्युटी केली असेल तर त्यांना विचार, रात्री वाहक ड्रायव्हरच्या शेजारी येऊन का बसतो. त्याला डुलकी लागू नये म्हणून गप्पा मारत बसतो. स्टिअरिंगला हात लावत नाही.

आता पैशांचं, ताई. एसटीची पेन्शन किती येते ते मला ठाऊक आहे. चौदा दिवसांचा एक म्हणजे महिन्याला दोन, दहा हजार. बारा महिने लावून ठेवायची सगळ्यांना गरज नसते. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्या माणसाने तर हा खर्च करूच नये असं माझं मत. तुमच्या ह्यांचं तसं नाही, त्यांना रात्रीची लो येते आहे. कपाटात जे डबे उरले असतील त्यातला एक डॉक्टर डोस बदलतील त्या दिवशी लावा, रात्री सपाट झाल्या का ते दिसेल. सपाट झाल्या तर एरवी बोटाचं मशीन, आणि दर तीन महिन्यांनी पंधरवडाभर सेन्सर पुरे. पण लो येतच राहिल्या, किंवा त्या येताना त्यांना कळेनाशा झाल्या, तर मात्र काटकसर दुसरीकडे करा, सेन्सर काढू नका. डब्यावरची तारीख आणि तापमान बघून ठेवा. सांगलीच्या एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर ते डबे ठेवण्यासारखे नाहीत.

जावयांना माझा नमस्कार सांगा आणि घड्याळ घेऊ नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला आहे की कातडी न टोचता स्वतःच साखर मोजते असं सांगणाऱ्या स्मार्ट घड्याळांना आणि अंगठ्यांना त्यांनी मान्यता दिलेली नाही. मनगटावरचा एक खरा प्रयत्न २००१ मध्ये झाला होता, ग्लुकोवॉच नावाचा. विजेच्या बारीक प्रवाहाने तो कातडीतून पाणी ओढायचा. लोकांच्या मनगटांना खाज आणि लाली यायची, ते टिकलं नाही. सेन्सरचा आकडा नुसता दाखवणारं घड्याळ वेगळं, त्याला हरकत नाही. पण दोन हजारांच्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन टोचायचं, हे नको.

पोहणं सुरू करू द्या. असे सेन्सर साधारण एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास सहन करतात, तरी माहितीपत्रात खात्री करून घ्या. पाण्यात असताना आकडा मोबाईलला जाणार नाही, बाहेर आले की येईल. अडचण वेगळी आहे. इन्सुलिन टोचून उपाशीपोटी नदीत उतरायचं नाही. घाटावर उतरण्याआधी साखर बघायची, १०० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खायचं, आणि बरोबर एक माणूस हवा, ज्याला पिशवीतली साखरेची पुडी कुठे आहे ते माहीत आहे. मगरींचं तुम्ही सांगलीकर माझ्यापेक्षा जास्त जाणता.

आणि ता. क. तंतू निघताना कळतसुद्धा नाही. दुखतं ते चिकटपट्टीने केस ओढले जातात म्हणून. आंघोळीआधी कडेने खोबरेल तेल लावा, दहा मिनिटं मुरू द्या, मग एका कडेने, केसांच्या दिशेने, सावकाश सोलत जा. पुढच्या वेळी लावण्याच्या आदल्या दिवशी नाण्याएवढी जागा कात्रीने कमी करून घ्या, वस्तऱ्याने नको, कातडी सोलवटते. तेल लागलेल्या जागी नवा सेन्सर चिकटत नाही, म्हणून दुसरा दंड घ्या. काढलेल्या सेन्सरला खाली सुईसारखा तंतू असतो, तो तसाच कचऱ्यात टाकू नका. इन्सुलिनच्या सुया ज्या जाड डब्यात साठवता त्यातच टाका.